सुट्टीत मिळालेलं काम

जपानमधल्या विद्यापीठांना हिवाळ्याची सुट्टी लागते ती २५ डिसेंबरच्या आसपास, आणि जानेवारीचा पहिला आठवडा सरतो न सरतो तोच तास पुन्हा सुरू होतात. उन्हाळ्याची आणि फेब्रुवारी-मार्चमधली सुट्टी याहून कितीतरी मोठी असते. तरीही सेंदाईत शिकत होते त्या वर्षांचा विचार करते तेव्हा वाटतं, की वर्गात आणि प्रयोगशाळेत शिकायचं ते शिकलेच, पण परक्या माणसांत आपलं होऊन कसं राहायचं ते मला या लहानशा सुट्टीनं शिकवलं. २०१५ ते २०१९ या काळात मी तिथे होते. आता पुण्यात नोकरी करते, कामानिमित्त जपानी सहकाऱ्यांशी रोज बोलणं होतं, आणि त्या हिवाळ्यांनी दिलेली समज अजून उपयोगी पडते.

सेंदाई हे तोहोकु प्रदेशातलं सगळ्यात मोठं शहर. टोकियोपासून लोहमार्गानं साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला. डिसेंबरअखेर तिथे दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. कपडे वाढवले की थंडी सोसते, त्या अंधाराला मात्र काही उपाय नसतो. प्रयोगशाळेतून बाहेर पडावं तर रात्र झालेली, आणि घड्याळात जेमतेम पाच वाजलेले. जोझेनजी-दोरी या रस्त्यावरच्या केयाकीच्या झाडांना डिसेंबरात दिव्यांच्या माळा लावतात. १९८६ पासूनची ही प्रथा. तिकडे एक चक्कर मारली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

नाताळची तिथे सुट्टी नसते. तळलेलं चिकन आणि स्ट्रॉबेरी लावलेला क्रीमचा केक खाऊन लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. खरा सण नवीन वर्षाचा, आणि तो आपल्या माणसांत, घरात बसून करायचा. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी कार्यालयं बंद. प्रयोगशाळेतले सोबती बॅगा उचलून आपापल्या गावी जातात. एकाएकी शहर रिकामं होतं आणि वसतिगृहात आम्ही परदेशी तेवढे उरतो. आमच्या मजल्यावर व्हिएतनामी, चिनी, इंडोनेशियन, बांगलादेशी अशी मुलंमुली होती. यातल्या कुणाचाच खरा सण १ जानेवारीला नव्हता. चिनी आणि व्हिएतनामी मुलांचं वर्ष चांद्र पंचांगानं जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू व्हायचं, बांगलादेशी मित्राचं एप्रिलात, इंडोनेशियन मैत्रिणीला ओढ असायची ती ईदची, आणि माझा पाडवा चैत्रात. जपाननंही १८७३ साली जुनं पंचांग सोडलं, म्हणून त्यांचा सण १ जानेवारीला आला. थोडक्यात, सगळा देश ज्या दिवसाची वाट पाहत होता त्या दिवशी आम्हाला साजरं करण्यासारखं काहीच नव्हतं. घराची आठवण दिवाळीत येते असं सगळे समजतात. मला ती सगळ्यात जास्त आली दुसऱ्यांच्या सणात.

पहिल्या हिवाळ्यात सुट्टी म्हणजे भटकंती, असंच आम्ही धरून चाललो. जपान रेल्वेचं ‘सेइशुन जुहाची किप्पु’ नावाचं तिकीट विद्यार्थ्यांचं फार लाडकं. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही. तेव्हा ते ११,८५० येनांना मिळायचं. साध्या, सगळ्या स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्यांनी पाच दिवस कुठेही फिरा. किंवा पाच जणांनी मिळून एका दिवसात वापरा. २०२४ च्या हिवाळ्यापासून नियम बदलले आणि एकाच तिकिटावर पाच जणांनी जायची सोय गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. कारण त्या सोयीतच खरी शिकवण होती. तिकीट एक, त्यावर शिक्के पाच, म्हणून फाटकातून आत जाताना आणि बाहेर पडताना पाचही जण एकत्र हवेत. एकाला उशीर झाला की पाचही जणांची गाडी चुकणार, आणि डोंगराळ भागात पुढची गाडी तास-दीड तासानं. कोण उठायला आळस करतो, कोण न सांगता सगळ्यांसाठी गरम चहाच्या बाटल्या घेऊन येतो, कोण चिडल्यावर गप्प होतो, हे वर्षभर शेजारी राहून कळलं नव्हतं ते एका दिवसात कळलं.

आम्ही बहुतेक पश्चिमेला, यामागाताकडे जायचो, कारण बर्फ तिकडे. सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा घेतात आणि ओउ पर्वतरांगेला अडून पलीकडच्या अंगाला सगळं बर्फ टाकतात. सेंदाईच्या बाजूला येईतो वारा कोरडा झालेला असतो. कोकणात धो धो पाऊस आणि घाट ओलांडला की देशावर नुसती भुरभुर, तसंच हे. सेंदाईत उघडी जमीन, आणि तासाभराच्या प्रवासानंतर यामादेराला उतरलं की सगळं पांढरंशुभ्र. तिथल्या देवस्थानाच्या एक हजारावर दगडी पायऱ्या, त्यांवर बर्फ, वरून खाली दिसणारी दरी. बाशो हा कवी १६८९ च्या उन्हाळ्यात तिथे येऊन गेला. आम्ही फोटो काढले, खाली येऊन सोबा नावाच्या शेवयांच्या वाफाळत्या वाट्या मागवल्या. मी मासे खात नाही, त्यामुळे सुक्या बोनितो माशाच्या अर्कातलं ते पाणी मला चालण्यासारखं नव्हतं. मी कोरडे सोबा आणि मुळ्याचं लोणचं खाल्लं. दिवस आनंदात गेला. पण परतीच्या गाडीत जाणवलं, की दिवसभरात आम्ही एकाही जपानी माणसाशी चार वाक्यं बोललो नव्हतो. आम्ही आपापसांत होतो आणि देश गाडीच्या काचेपलीकडे होता. सुट्टी अशीच जाणार असेल तर मग एवढ्या लांब येऊन राहण्याला काय अर्थ, असं मनात येत राहिलं.

पुढच्या डिसेंबरात मला टपाल कार्यालयात काम मिळालं. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करायची तर वेगळी परवानगी लागते. एरवी आठवड्याला २८ तासांची मर्यादा, आणि मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. वर्षअखेरीला टपाल खात्याला जादा माणसं लागतात ती नेंगाजोसाठी. नवीन वर्षाच्या शुभेच्छांची ही पोस्टकार्डं २५ डिसेंबरपर्यंत टाकली, की १ जानेवारीलाच पत्त्यावर पोचतील अशी खात्याची हमी. ऐन बहरात, २००३ साली, अशी चारशे चाळीस कोटींहून जास्त कार्डं छापली गेली होती. नंतर आकडा दर वर्षी उतरत गेला, तरी मी काम केलं तेव्हाही ढीग कमी नव्हते.

आमच्या आसपास शाळकरी मुलं आणि निवृत्तीला आलेली माणसं असायची. फोन लॉकरमध्ये ठेवायचा, कार्डाची फक्त पत्त्याची बाजू बघायची, मजकूर वाचायचा नाही. समोर लाकडी खणांची मांडणी, एकेक खण एकेका घराचा. जपानी पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं. मोहल्ला, मग गटाचा आकडा, मग घराचा. तिसऱ्या दिवसापर्यंत हात आपोआप योग्य खणाकडे जायला लागला. माझ्याशेजारी काम करणाऱ्या बाईंनी मला कार्डांचा गठ्ठा डाव्या अंगठ्यानं कसा सरकवायचा ते दाखवलं, आणि रबर दोन वेळा नाही, एकदाच घालायचं, म्हणजे वाटणाऱ्याला थंडीत हातमोज्यांनी सोडवता येतं, हेही. एका घराचा खण जवळजवळ रिकामा होता. मी काही न विचारता त्याच म्हणाल्या, “त्या घरी या वर्षी कुणीतरी गेलं असेल.” ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला ते घर नेंगाजो पाठवत नाही, आणि महिनाभर आधीच करड्या किनारीचं कार्ड पाठवून तसं कळवतं, म्हणजे इतरही त्यांना शुभेच्छा पाठवत नाहीत. पुस्तकात ही प्रथा मी वाचलेली होती. पण शेजारचे खण गच्च भरलेले आणि मधला तो मोकळा, हे रोज डोळ्यांसमोर असल्यावर ती कळली. त्या कामात मला पहिल्यांदा वाटलं, की या सणात माझाही हात लागला आहे.

कामाचं हे रूप सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हेही सांगायला हवं. माझ्या व्हिएतनामी मैत्रिणीच्या ओळखीची काही मुलं भाषा शिकवणाऱ्या शाळांत होती. जपानला यायला त्यांनी दलालांकडे मोठाल्या रकमा भरलेल्या, घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढलेलं. डिसेंबरात खाद्यपदार्थांचे कारखाने नवीन वर्षाच्या मेजवानीचे डबे भरण्यासाठी रात्रंदिवस चालतात, तिथे ती रात्रपाळी करायची. पट्ट्यावरून डबे सरकत येणार, एकानं काळं सोयाबीन ठेवायचं, पुढच्यानं गाजराचं फूल. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, तोंडाला मास्क, शेजारी कोण उभं आहे तेही कळायचं नाही. त्यांतली एक मुलगी मला म्हणाली होती, की सगळ्या महिन्यात तिला नावानं कुणी हाकच मारली नाही. देशभरच्या घरांत जाणारे सणाचे डबे तिच्या हातून गेले, आणि तिला मात्र त्या सणाचा वाराही लागला नाही. काम माणसाला जवळ आणतं असं मी पुढे लिहिणार आहे, तेव्हा हेही विसरून चालणार नाही. शेजारी कोण आहे ते दिसायला हवं, बोलायला उसंत हवी, आणि केलेल्याचा घास आपल्याही ताटात पडायला हवा. त्याशिवाय ते नुसते कष्ट.

आमच्या वसतिगृहात वर्षअखेरची मोठी साफसफाई व्हायची, तिला ओसोजी म्हणतात. शाळा, कचेऱ्या, घरं, दुकानं, सगळीकडे वर्ष संपायच्या आत झाडलोट उरकतात. व्यवस्थापक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावला आणि मला नि त्या व्हिएतनामी मैत्रिणीला धूर ओढून घेणारा पंखा दिला. वर्षभराच्या फोडण्यांचं आणि तळणांचं तेल त्यावर चिकट, पिवळट थर होऊन बसलेलं. आम्ही पाती काढली, गरम पाण्यात सोडा घालून भिजत टाकली, जुन्या टूथब्रशनं खाचा घासायला बसलो. दोन तास गेले त्यात. त्याआधी कित्येक महिने आम्ही एकमेकींना ‘थंडी फार आहे ना’ एवढंच म्हणत आलो होतो. त्या दिवशी तिनं मला तिच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगितलं आणि मी तिला, पीएच.डी. करायची की परत जायचं, या माझ्या घोळाबद्दल. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर यातलं काही बोलणं झालं नसतं. हात कामात असले, नजर पात्यावर असली, की बोलायला संकोच होत नाही. मध्ये गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं वाटत नाही.

मग कचरा. सेंदाईत घरचा ओला-सुका कचरा शहराच्या ठरलेल्या हिरव्या पिशवीत आणि प्लॅस्टिकची वेष्टणं लाल पिशवीत टाकायची. पिशव्या विकत घ्यायच्या. वर्षातली शेवटची गाडी चुकली तर जानेवारी उजाडेपर्यंत कचरा घरात. त्या सकाळी सगळा मजला पिशव्या घेऊन जिन्यावरून खाली उतरत होता, एक जण खाली उभा राहून कुठली पिशवी कुठल्या जाळीखाली ते सांगत होता. शेजारच्या इमारतीतल्या आजी थांबून पाहत होत्या. त्यांनी आम्हाला मोचीच्या कार्यक्रमाला बोलावलं ते त्याच सकाळी.

मोचीत्सुकी म्हणजे चिकट तांदूळ कुटून मोची करण्याचा कार्यक्रम. तिथल्या मोहल्ला मंडळानं शाळेच्या आवारात मांड मांडला होता. रात्रभर भिजवलेला तांदूळ चौकोनी लाकडी डब्यांच्या उतरंडीत वाफवतात, मग भल्यामोठ्या उखळात ओततात. कुटायला लाकडी हातोडा, त्याला किने म्हणतात. आधी सगळा भार टाकून भात नुसता दाबायचा. सरळ घाव घातले तर शितं चहूकडे उडतात. तो एकजीव झाला की घाव सुरू. एकानं हातोडा हाणायचा आणि दोन घावांच्या मधल्या क्षणी दुसऱ्यानं ओल्या हातानं गोळा उलटायचा. भोवतीची माणसं एका तालात ‘योइशो, योइशो’ म्हणत राहतात. तो ताल शोभेसाठी नसतो, त्यावरच त्या उलटणाऱ्या माणसाची बोटं शाबूत राहतात. हातोडा माझ्याकडे आला तेव्हा समोर सत्तरीच्या आजी हात बुडवून बसल्या होत्या. त्या माझ्या हातांकडे बघत नव्हत्या, फक्त आवाज ऐकत होत्या. अनोळखी मुलीच्या घावाखाली इतक्या शांतपणे हात घालणं सोपं नाही. मोची तयार झाली ती आम्ही कोवळ्या सोयाबीनच्या दाण्यांचं गोड, हिरवं वाटण लावून खाल्ली. झुंदा मोची हा सेंदाईचा खास पदार्थ, आणि त्यात मासा नसल्यानं मला पोटभर खाता आला.

खाता खाता एका आजोबांनी आम्हाला तिथे बोलावण्याचं कारण सांगितलं. ११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला, त्या रात्री बर्फ पडत होतं, वीज गेलेली. मोहल्ल्यातली माणसं शाळेत आसऱ्याला जमली, आणि परदेशी विद्यार्थीही आले. पाण्याच्या रांगेचे नियम काय, चादरी कुणाला आधी, यातलं त्या मुलांना काही ठाऊक नव्हतं, आणि मोहल्ल्यातल्या माणसांना त्या मुलांपैकी एकाचाही चेहरा ओळखीचा नव्हता. काही काळ दोन्हीकडे भीतीच होती. मग विद्यार्थ्यांनीच पाणी वाहायला, सामान लावायला सुरुवात केली आणि वातावरण निवळलं. “तेव्हापासून आम्ही ठरवलं,” ते म्हणाले, “की संकट यायच्या आधी एकत्र काम करून ठेवायचं.” मोचीचा कार्यक्रम म्हणजे त्यांच्या दृष्टीनं आपत्तीची तयारीही होती. त्या शेजाऱ्यांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिनं मला फार धीर आला. आम्ही नवलाईचे पाहुणे नव्हतो. वेळ आली तर सोबत उभं राहायचं आहे, असे शेजारी होतो.

प्रयोगशाळेतली माझी एक मैत्रीण यामागाताच्या ओबानाझावाची. देशातल्या सर्वांत जास्त बर्फ पडणाऱ्या गावांत त्याची गणना होते. तिनं मला नवीन वर्षासाठी घरी बोलावलं. साध्या गाडीनं जायचं आणि ओइशिदाला उतरायचं. थंडीत त्या गाड्यांची दारं आपोआप उघडत नाहीत. ज्याला चढायचं-उतरायचं त्यानं बटण दाबायचं, म्हणजे डब्यातली ऊब टिकते. पहिल्या वेळी माझं फार कौतुक झालं. दारात नवे स्लिपर्स मांडलेले. संध्याकाळी आंघोळीच्या टबातलं गरम पाणी सगळ्यांत आधी मला. तिथे सगळं घर एकामागून एक त्याच पाण्यात बसतं, त्यामुळे पहिला मान पाहुण्याचा. कोतात्सुत, म्हणजे खाली शेगडी बसवलेल्या आणि वरून दुलई घातलेल्या बुटक्या टेबलात, पाय घालून मी बसून राहायची. आजी माझ्यासमोर संत्री ठेवायच्या, मी एक संपवलं की दुसरं. २ आणि ३ जानेवारीला टीव्हीवर टोकियो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांच्या धावपटूंची साखळी शर्यत चालते, दोन दिवसांत दोनशेहून जास्त किलोमीटर. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. माझ्यासाठी मासे नसलेलं जेवण वेगळ्या भांड्यात केलेलं असायचं. काही कमी नव्हतं. तरी रात्री दिवा मालवल्यावर वाटायचं, की माझ्यामुळे या घराची सुट्टी थोडी अवघडली आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले की आजी म्हणायच्या, “तू बस, तू बस.”

पुढच्या वर्षी गेले तेव्हा रात्रभर बर्फ पडलं. पहाटे, अंधारातच, बर्फ सारणारी मोठी गाडी रस्त्यावरून गेली. ती रस्ता मोकळा करते, पण प्रत्येक घराच्या तोंडाशी टणक ढेकळांचा बांध रचून जाते. तो फोडल्याशिवाय मोटार बाहेर निघत नाही. मैत्रिणीचे बाबा पाठदुखीनं बेजार होते. आजी माझ्या खोलीत आल्या, हातात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. म्हणाल्या, “तुझ्या मापाचे आहेत का बघ.”

बाहेर शेजारपाजारची सगळी माणसं निघालेली होती. त्या भागात रस्त्याच्या कडेनं झाकणं असलेली गटारं असतात, आणि हिवाळ्यात त्यांत वाहतं पाणी सोडतात. प्रत्येक आळीला पाण्याची वेळ ठरलेली. तेवढ्या वेळात लोखंडी झाकण उघडायचं, आपल्या दारातलं बर्फ ढकलगाड्यासारख्या रुंद फावड्यानं आणून त्यात टाकायचं, पाणी ते वाहून नेतं. पण एकानं घाईनं जास्त टाकलं तर गटार तुंबतं आणि पाणी पुढच्याच्या अंगणात शिरतं. म्हणून वरच्या घरानं थोडं टाकायचं, खालच्यांकडे बघायचं, खालून हात वर झाला की पुन्हा टाकायचं. मी मैत्रिणीसोबत ढकलत होते. शेजारच्या काकूंनी सांगितलं, की कमरेतून वाकू नकोस, फावडं पोटाशी टेकव आणि पायांनी ढकल. काम संपल्यावर झाकण लावलंय ना हे सगळ्यात आधी बघायचं, कारण बर्फाखाली ते दिसत नाही आणि लहान मूल आत पडू शकतं.

दुपारी शेजारचे एक गृहस्थ छपरावर चढले. हेल्मेट, कमरेला दोर. दबलेलं बर्फ मीटरभर साचलं तर चौरस मीटरमागे त्याचं वजन तीनशे किलोच्या घरात जातं, आणि जुन्या घरांना ते पेलत नाही. छपरावर एकट्यानं चढायचं नाही हा तिथला पक्का नियम. दर हिवाळ्यात माणसं पडून किंवा बर्फाखाली सापडून दगावतात. मला खाली उभं केलं. वळचणीखाली कुणी येऊ द्यायचं नाही आणि वरचा माणूस नजरेआड झाला तर हाक मारायची. अर्धा दिवस मी वर बघत उभी होते. माझ्यावर कुणीतरी विश्वास टाकला होता, आणि तो शब्दांत सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी आंघोळीला आधी आजी गेल्या, मग बाबा, मग आई. माझी पाळी मैत्रिणीनंतर, सर्वांत शेवटी आली, आणि मी टबाचं झाकण लावून, दिवा घालवून बाहेर आले. स्वयंपाकघरात आजींनी मला वाळवलेल्या अळूच्या देठी भिजवून पिळायला दिल्या. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खलबत्त्यात वाटून त्या भागात मिसोचं दाट सार करतात, त्यात या देठी लागतातच. मी त्या ओळखल्या, आमच्याकडे अळूच्या फतफत्यात देठी घालतात हे सांगितलं, तर आजींना अळू हिंदुस्थानातही होतो याचं आश्चर्य वाटलं. सार सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात झालं. त्यात माशाचा अर्क नव्हता, कोंबु या समुद्री शेवाळाचं पाणी होतं. माझ्यासाठी वेगळं भांडं त्यांनी त्या वर्षी काढलंच नाही. सगळं घर तेच जेवलं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. पण त्या घराशी माझं नातं जडलं ते त्या दिवसापासून, आणि आजही टिकून आहे.

या सगळ्यातून मला जे उमगलं ते असं. पाहुणचारानं माणूस सुखावतो, पण तो पाहुणाच राहतो. ज्या दिवशी त्याला घरातलं खरं काम मिळतं, चुकलं तर कुणाचं तरी अडेल असं काम, त्या दिवशी तो घरचा होतो. यजमानाला काम सांगायचा संकोच वाटतो, पाहुण्याला विचारायचा. ‘काही मदत करू का’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘नको, नको’. त्यापेक्षा बघत राहावं. बूट कुठे ठेवतात, फडकं कुठलं, भांडी कशी पालथी घालतात, आणि मग समोरचं एक छोटं काम उचलावं. काम झालं की हत्यार जिथून घेतलं तिथेच धुऊन ठेवावं. जपानी माणसं भिडस्त असतात, परक्याला लांब ठेवतात, असं पुष्कळ जण सांगतात. माझा अनुभव असा, की गप्पांमधून त्यांच्याजवळ जायला वर्षं लागतात आणि एकत्र फावडं धरलं की एक सकाळ पुरते.

पुढे ती मैत्रीण एका थंडीच्या सुट्टीत आमच्या वसतिगृहात राहायला आली. मी तिला बसवून ठेवलं नाही. कणीक मळायला दिली, पोळ्या लाटायला दिल्या. पंख्याची पाती घासणारी व्हिएतनामी मैत्रीण भाजी चिरत होती, इंडोनेशियन मैत्रीण मसाल्याच्या बाटल्यांवरचा मजकूर बारकाईनं वाचून त्यात मद्य नाही ना ते तपासत होती. तांदळाच्या गोड मद्याशिवाय जपानी स्वयंपाक अडतो, त्यामुळे हे काम महत्त्वाचं होतं. सगळ्यांना चालेल असं एक पातेलं शिजवायला जितका विचार लागला तितका आम्ही कुठल्या परिसंवादात केला नसेल.

पुण्यात आमच्या कंपनीत जपानहून दोन-तीन वर्षांसाठी येणारी कुटुंबं असतात. दिवाळीत कंपनी बंद, शेजारी आपापल्या घरी रमलेले, आणि ही माणसं फ्लॅटमध्ये. पूर्वी आम्ही त्यांना फराळाला बोलवायचो, सोफ्यावर बसवायचो, ताट भरायचो. ती वाकून आभार मानायची आणि तासाभरानं जायची. आता मी त्यांना करंज्या करायच्या असतात त्या दिवशी बोलावते. हातात कातणी देते. माझी आई त्यांना मराठीतच सांगते, “कड नीट दाबा हो, नाहीतर तेलात उघडेल,” आणि ती बरोबर दाबतात. मग एकेक जण आपल्या गावच्या नवीन वर्षाच्या गोष्टी सांगायला लागतो.

आपल्या आसपास सणाच्या दिवसांत एकटं राहिलेलं कुणी असतं; परदेशातून आलेला विद्यार्थी, दुसऱ्या राज्यातून आलेली परिचारिका, नव्यानं बदली होऊन आलेला शेजारी. त्यांना जेवायला जरूर बोलवा. पण जेवणाच्या दोन तास आधी बोलवा, आणि आल्याबरोबर त्यांच्या हातात काहीतरी काम द्या.